द्वारकीची गोळी

माझ्या पोटात काही राहत नाही, असं माझी नात म्हणते. तिची आई म्हणते, आणि त्याआधी माझी सासू म्हणायची. आमच्या घराण्यात एवढं एकमत दुसऱ्या कशावरही झालेलं नाही. मालवणच्या अलीकडे खाडीच्या काठाला आमचं गाव. तिथे मी फोनबूथ चालवायची. काचेच्या दाराआड माणसं मुंबईशी, गोव्याशी बोलायची आणि मी बाहेर बसून बिलाच्या आकड्यांकडे बघतेय असं दाखवायची. पुढे मोबाइल आले, बूथ गेला, त्याच खोक्यात रिचार्जचं दुकान आलं. बातम्या मात्र पूर्वीसारख्याच येत राहिल्या. तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली तरुण मुलगी होते आणि गावाचं गुप्तहेर खातं आपल्याकडे आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

अशा बाईला एक गोष्ट पोटात ठेवायला सांगितली गेली. सांगणारी द्वारका. तिच्याबद्दल आता लिहितेय ते तिला विचारूनच. फोनवर म्हणाली, "लिव गो. कोण वाचता?"

द्वारका मासे विकायची. बंदरावर पहाटेचा लिलाव उरकून पाटी डोक्यावर घेतली की पाटीला हात न लावता चालायची, दोन्ही हात मोकळे. ते हात तिला बोलायला लागायचे. नवरा बोटीवर खलाशी होता, तो मुलगी लहान असतानाच गेला. तरी द्वारकीच्या अंबाड्यात रोज अबोलीचा वळेसर, आमच्याकडचा गजरा. कुणी नाक मुरडलं तर म्हणायची, "घोव गेलो, केस खंय गेले?"

गिऱ्हाइकाशी ती गोड कधी बोलली नाही. पुण्याचा एक पाहुणा एकदा तिच्या पाटीचे फोटो काढत होता. तिनं बराच वेळ काढू दिले. मग म्हणाली, "फोटो काढलंस, आता बांगडो घे. फोटोक तिखटमीठ लागणा नाय." त्यानं बिचाऱ्यानं डझनभर घेतले. लॉजवर राहत होता, शिजवणार कुठे? ते बांगडे शेवटी माझ्या घरी शिजले आणि तो जेवायलाही माझ्याकडेच आला. द्वारकीनं हे सगळं ठरवून केलं होतं, असं मला अजून वाटतं.

एका वर्षी बांगडा उतू गेला. जाळी फाटतील एवढा. सगळ्या बायकांनी रात्रीचा दिवस केला, द्वारकीनं तर विचारू नका. त्याच पावसाळ्यात ती अंथरुणाला खिळली. खोकला जाईना, अंगातली चोळी खांद्यावरून ओघळायला लागली. मी कुळथाची पिठी घेऊन बघायला जायची आणि परत येताना सात घरी बातमी देत यायची, की तिच्या पोटात गाठ आहे. कुठून काढली मी ती गाठ, देव जाणे. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले असंही मी सांगितलं. तालुक्याच्या डॉक्टरांना मी जन्मात पाहिलेलं नव्हतं.

द्वारका उठली. हळूहळू तिच्या अंगावर मांस चढलं, अबोली परत आली. आणि एका दुपारी तिनं रिकामी पाटी माझ्या दुकानाच्या पायरीवर उपडी ठेवली, आत येऊन स्टुलावर बसली.

"वैनी, तुका एक गोष्ट सांगूची आसा. भायर सांगितलंस तरी चलात."

"असा कित्याक म्हणतंस? मी खंय सांगतंय कोणाक?"

"सांग गो खुशाल. तुझा कोण खरा मानता?"

मग तिनं सांगितलं. तिला एचआयव्ही होता. नवऱ्याकडून आलेला. "माझ्या घोवान माका जल्मात दोनच वस्तू आणून दिल्यान. एक मंगळसूत्र, दुसरा ह्या दुखणा. मंगळसूत्र मोडून खाल्लंय, ह्या मोडना नाय." जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात त्याची औषधं फुकट मिळतात, रोज घ्यायची, जन्मभर. ती घेत होती. बांगड्याच्या त्या हंगामात सोडली. एक तर औषध आणायला महिन्यातून एकदा बस बदलत जायचं म्हणजे त्या दिवसाचा लिलाव बुडणार, आणि दुसरं म्हणजे तिला काही होतच नव्हतं. धडधाकट माणसानं गोळी कशाला घ्यायची? त्यात त्या गोळीनं स्वप्नं पडायची. "सुरमय माझ्यावांगडा भांडूक येता. माझाच गिऱ्हाईक घेवन माकाच भाव सांगता." बंद केल्यावर सुरमई यायची थांबली, झोप छान लागली, आणि दोन-तीन महिन्यांत बाई आडवी झाली.

दवाखान्यात समजावून सांगणारी एक तरुण बाई होती. समुपदेशक म्हणतात तिला, द्वारका 'आमचा चेडू', म्हणजे आमची पोरगी, म्हणायची. ती म्हणाली, "मावशी, गावातलं एक माणूस धरा. तुम्हाला रोज विचारेल असं."

"मगे माकाच कसा धरलंस?" मी विचारलं. गावात शहाणी माणसं कमी नव्हती.

"चेडवाचा लगीन व्हवचा आसा वैनी. सुलूचा. ह्या भायर पडला तर तिका कोण करतलो? शहाण्या माणसाक सांगितलंय आणि त्याच्या तोंडातसून एक शब्द गेलो, तर सगळो गाव खरा मानतलो. तू बोंब मारलंस तरी लोक म्हणतले, फोनवाली काय, काल पोटात गाठ म्हणा होती."

तुम्हाला सांगते, एवढा अपमान आणि एवढा विश्वास एकाच वाक्यात मला आयुष्यात कुणी दिला नाही.

झालं, मी नेमणूक मनावर घेतली. फार मनावर घेतली. रोज विचारायचं, पण लोकांना कळता कामा नये, म्हणून मी एक सांकेतिक वाक्य शोधून काढलं. भर बाजारात, रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला ओरडायची, "द्वारके, मीठ घातलंस?" चारपाच दिवसांत द्वारका तणतणत दुकानात आली. मासे विकणाऱ्या बाईला भर बाजारात मीठ घातलंस का विचारल्यावर गिऱ्हाईक काय समजणार? शिळी मासळी, मीठ मारून खपवतेय. दोन घरांनी तिची पाटी परत पाठवली होती.

"वैनी, पावण्यान माका मारूक नाय, तू मारतलंस." पावणो म्हणजे तो आजार. आला तो जायचं नाव घेत नाही म्हणून पाहुणा.

मग तिनंच रीत घालून दिली. रोज संध्याकाळी जेवून ती माझ्याकडे मालिका बघायला यायची. मालिकेचं गाणं लागलं की पदराच्या गाठीतून गोळी काढायची, माझ्या तांब्यातलं पाणी वर धरून प्यायची आणि मग अर्धा तास त्या नायिकेला शिव्या घालायची. "हिका एक पाटी दी आणि बांगडे इकूक धाड. चार दिसांत रडा बंद होतला." तिच्या जावेला, शालनला वाटायचं की द्वारकीला टीव्हीचं वेड लागलंय. शालन आणि द्वारका एकाच घरात राहायच्या, चूल वेगळी. शालन वाईट नव्हती. पण घरात कुठलाही डबा कुठे हलला हे तिला डोळे मिटून कळायचं. म्हणून औषधाची बाटली राहायची सुकटीच्या डब्यात, सुकटीच्या खाली. रोज त्यातून एक गोळी निघायची आणि वास घेऊन माझ्या घरी यायची. माझी मांजर द्वारकीच्या पदराला हुंगत बसायची.

असं चारपाच वर्षं सुरळीत चाललं होतं. सुलू गोव्याला एका दुकानात कामाला लागली होती, तिचं लग्नही ठरत आलं होतं. आणि गावपळण आली.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्या बाजूच्या काही गावांत दर काही वर्षांनी गाव सोडायची रीत आहे. ग्रामदेवाचा कौल होतो आणि सगळा गाव, म्हातारेकोतारे, गुरं, कोंबड्या, कुत्री, वेशीबाहेर जाऊन झोपड्या घालून राहतो. तीन दिवस, तीन रात्री. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, एकही माणूस मागे फिरत नाही. चौथ्या दिवशी देवाला पुन्हा कौल लावायचा. त्यानं परवानगी दिली तर परत, नाही दिली तर आणखी एक दिवस तिथेच. आम्हाला ते फार आवडतं. झोपडीशेजारी झोपडी, एकमेकांच्या टोपात डोकावता येतं. माझ्यासारखीला तर तो स्वर्गच.

पहिल्या दिवशी दुपारी मी एका कोंबडीला टोपलीखाली घालायच्या खटपटीत होते, तेवढ्यात द्वारका आली. अंबाडा रिकामा होता. वळेसर माळायलाही विसरली होती.

"वैनी, डबो घराक रवलो."

तिनं डबा टेम्पोत नीट ठेवला होता. निघायच्या घाईत शालननं तो काढून माळ्यावर ठेवला, कारण उघड्यावर सुकटीचा वास सुटला तर सगळ्या गावची कुत्री झोपडीत येतील. शालनचं बरोबरच होतं. आणि सगळ्यांच्या देखत द्वारका कशी म्हणणार, की नाही, मला तो डबा हवाच?

मी म्हटलं, "काळोख पडलो काय हळूच जावन आणूया. कोण बघता?"

द्वारकीनं माझ्याकडे असं बघितलं की मी कोंबडी सोडली. "देव बघता. देवाक फसवूचा नाय."

"मगे तीन दिस नाय घेतलंस तर..."

"तीन दिसाचे चार झाले तर? पाच झाले तर? मागच्या खेपेक पण मी असाच म्हटलंय, एक दिस नाय घेतला तर काय होता. एकाचे किती झाले, माका कळाक पण नाय." ती माझ्या झोपडीसमोर खाली बसली. "तेवा सुलून शाळा सोडल्यान वैनी. माका भरवूक. नववीत होता चेडू." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त हात हलत नव्हते. द्वारका हात न हलवता बोलतेय हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

जरा वेळानं ती म्हणाली, "देवाक फसवूचा नाय. पण माणसांक फसवूक काय हरकत आसा?"

"म्हणजे?"

"पड."

"खंय पडू?"

"हयच पड. बरी वाळू आसा. चक्कर इली तुका. दवाखान्यात नेवक व्हयी."

आता मी शाळेत असताना नाटकात झाड झाले होते, तेवढाच माझा अभिनयाचा अनुभव. मी आधी पदर सावरला, मग खाली कुठे शेण नाही ना ते बघितलं, अंबाड्याखाली हात दिला आणि बेशुद्ध पडले. द्वारका कानाशी पुटपुटली, "अगो, डोळे मिट."

मग तिनं जी किंकाळी फोडली ती खाडीपलीकडे गेली असेल. माणसं धावली. गावचे मानकरी आबा काठी टेकत आले. आणि आम्ही दोघींनी ज्याचा विचारच केला नव्हता ते घडलं. गावपळणीत सगळा गाव बाहेर असतो. गावचे डॉक्टरही. ते तिसऱ्या झोपडीत पत्ते खेळत होते.

डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला. पुन्हा फुगवला. माझं ब्लडप्रेशर म्हशीसारखं ठणठणीत होतं आणि आहे. त्यांनी एक पापणी वर केली. मी त्यांच्याकडे बघितलं, आणि चटकन ती पापणी आपणच मिटून घेतली. पाणी मागायच्या निमित्तानं दुसरा डोळा जरासा उघडून पाहिलं, तर डॉक्टर द्वारकीकडे बघत होते आणि द्वारका त्यांच्याकडे.

"आबा," डॉक्टर उठत म्हणाले, "जिल्ह्याला न्यायलाच हवं. इथे माझ्याकडे साधनं नाहीत."

त्यांना काय माहीत होतं आणि काय नव्हतं, मी कधी विचारलं नाही. मी न विचारलेल्या गोष्टी फार थोड्या, त्यातली ही एक.

रिक्षा आली. मला आडवं घातलं. शालन कळवळून म्हणाली, "मी पण येतंय, एकटी कशी नेतलंस?" आणि पाय आत घातलासुद्धा. द्वारका शांतपणे म्हणाली, "ये. पण म्हशीक पाणी कोण दाखवतलो? सकाळपासून ओरडता." शालन उतरली. रिक्षा मुख्य रस्त्याला लागेपर्यंत मी कण्हत राहिले. मग द्वारका म्हणाली, "पुरे झाला. रिक्षावालो घाबरता." तो गावाबाहेरचा पोरगा होता, त्यानं मागे वळून बघितलं तेव्हा मी केस विंचरत होते.

दवाखान्याची ती खिडकी बंद व्हायला आली होती. समुपदेशक मुलगी पर्स खांद्याला लावून निघालीच होती. द्वारकीला बघून थांबली. द्वारकीनं तिला देव, कौल, वेस, सुकटीचा डबा, शालन, म्हैस, सगळं एका दमात सांगितलं. ती मुलगी घाटावरची होती. तिला गावपळण म्हणजे काय ते कळायलाच थोडा वेळ लागला.

"आणि या कोण?" तिनं माझ्याकडे बोट केलं.

"ह्या पेशंट," द्वारका म्हणाली.

मुलीनं पर्स खाली ठेवली. आत गेली आणि आठवडाभराच्या गोळ्या पुडीत बांधून घेऊन आली. तिला वाटलं होतं, द्वारका रडेल. मलाही वाटलं होतं. द्वारकीनं पुडी उघडून एक गोळी काढली आणि खिडकीसमोरच्या बाकावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, माझ्या हातातली पाण्याची बाटली घेऊन गिळली.

"आज मालिका नाय," ती म्हणाली. "आज हयच."

चौथ्या दिवशी देवाचा कौल झाला नाही. गाव हिरमुसला. तांदूळ संपले होते, पोरं किरकिरी झाली होती, माझी कोंबडी कुणाच्या तरी टोपात गेली होती. सगळ्या तळावर एकटी द्वारका खूश, तिच्या पुडीत अजून गोळ्या होत्या. खाडीत गरी टाकून बसली होती, अबोलीचा वळेसर परत अंबाड्यात. संध्याकाळी आबांनी देवाला गाऱ्हाणं घातलं आणि प्रत्येक मागण्यामागून आम्ही 'होय म्हाराजा' म्हणत होतो, तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज तिचा होता. शालन मला म्हणाली, "चक्कर तुका इली आणि बरा हिका वाटता." मी पटकन पुन्हा कपाळाला हात लावला.

परत आल्यावर एवढं झालं, की पुढच्या खेपेला सुलू सुटीवर आली तेव्हा द्वारकीनं तिला सगळं सांगितलं. माझ्या दुकानातच, शटर अर्धं ओढून. सुलू आधी रडली. मग तिला राग आला. आजाराचा नव्हे. "ह्या फोनवाल्या काकीक सांगितलंस आणि माका नाय?" ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिची आई पळवून नेली होती. मग नाक पुसून म्हणाली, "गोळी खंय ठेवतंस?" सुकटीच्या डब्यात हे ऐकल्यावर ती रडता रडता हसायला लागली. तिनं होणाऱ्या नवऱ्यालाही स्वतःच सांगितलं, लग्नाआधी. द्वारका आठवडाभर जेवली नाही धड. तो मुलगा बसनं आला, द्वारकीच्या हातचं तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं जेवला, वर म्हणाला, "आई, थोडा भात वाढा." लग्न झालं.

मधल्या वर्षांत औषध बदललं, स्वप्नं थांबली. सुरमईची आठवण येते म्हणायची. एकदा रक्ताचा रिपोर्ट घेऊन दुकानात आली. विषाणू इतका कमी की तपासात सापडत नाही. मी पेढे आणायला उठले, आणि माझ्या हुशारीप्रमाणे म्हणाले, "मगे आता गोळी बंद?"

"सापडना नाय म्हणजे गेलो नाय," ती म्हणाली. "चोर दिसाक नाय म्हणून दार उघडा टाकतंस तू? तू टाकशीत. पेढे हाड."

सुलूला मूल झालं तेव्हा तिनं आईला कायमचं गोव्याला न्यायचं ठरवलं. दवाखान्याचे कागद तिकडे गेले. सगळं रीतसर झालं, पण मला झोप नव्हती. नवं घर, नवे शेजारी, नवा दवाखाना. तिथे विचारणार कोण? हे दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर तोवर मला न सांगायची सवय झाली होती. ती माझी एकमेव सवय, जी माझ्या घरात कुणाला ठाऊक नाही.

तिचा फोन येतो अधूनमधून, पण समोरासमोर बघितलं ते त्या दिवशी शेवटचं. मालवणच्या स्टँडवर पणजीची बस लागली होती. सुलू बाळाला कडेवर घेऊन आधी चढली, द्वारका पाठोपाठ. हातात पाटी नाही, त्यामुळे ती कशी ओळखीचीच वाटेना. खिडकीपाशी बसली. शेजारच्या जागेवर एक जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या बाई बसल्या होत्या, पिशवीत अगरबत्त्या आणि खाजं. मी खिडकीखाली उभी राहून काय बोलावं ते शोधत होते. एरवी मला शोधावं लागत नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरून सुलू ओरडली. आईसारखाच गळा. सगळ्या गाडीला ऐकू गेलं.

"आये, गोळी घेतलंस?"

मी घाईनं गाडीभर नजर फिरवली. द्वारकीनं मागे मान वळवली.

"घेवची आसा गो. गाडी सुटूदे. किती इचारतंस?"

"आत्ता घे. माझ्यासमोर."

द्वारकीनं माझ्याकडे बघून डोळे फिरवले आणि पिशवीतून बाटली काढली. गाडीत कुणी वर बघितलं नाही. कंडक्टर सुट्टे मोजत होता. फक्त शेजारच्या बाई दचकल्या आणि आपल्या पिशवीत हात घालून चाचपडायला लागल्या.

"बरी आठवण केल्यान तुझ्या चेडवान," त्या द्वारकीला म्हणाल्या. "माझी शुगरची रवली. पाणी आसा गो तुझ्याकडे?"

द्वारकीनं आपली गोळी तोंडात टाकली, दोन घोट प्यायली आणि पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. मग दोघी काहीतरी बोलू लागल्या, बहुधा साखरेबद्दल, कारण द्वारकीचे दोन्ही हात हवेत होते. ड्रायव्हरनं गाडी मागे घेतली. तिचं माझ्याकडे बघायचं राहूनच गेलं.